वायफायच्या कांड्या फुल्ल, मग नेट अडलंय कुठे?

‘वायफाय कनेक्टेड आहे, पण वायफाय चालत नाही.’ पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य ठरलेलं. त्याखाली सल्लेही ठरलेले: डीएनएस बदला, राउटर रीसेट मारा, विंडोज नवीन टाकून घ्या. बिघाड राउटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मात्र कुणी विचारत नाही. ते कळल्याशिवाय बाकी सगळी खटपट वाया जाते.

वायफाय तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. कॉम्प्युटर ते राउटर एवढाच त्याचा टप्पा. टास्कबारवरच्या कांड्या तेवढंच सांगतात, आणि सेटिंग्जमध्ये दिसणारा ४३३ किंवा ८६६ एमबीपीएसचा आकडाही तेवढ्याच टप्प्याचा. तुमच्या प्लॅनशी त्याचा काही संबंध नाही. राउटरच्या पुढे, केबलवाल्याच्या वायरीवरून येतं ते इंटरनेट. लाइट गेली की हे स्पष्ट दिसतं. घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो म्हणून कांड्या फुल्ल, पण जिन्यातल्या डब्यातला केबलवाल्याचा स्विच बंद पडलेला असतो. अशा वेळी कॉम्प्युटर उघडून बसण्यात अर्थ नाही.

घोळ वाढवतो तो मोबाईल. वायफायवर नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात. मग ‘फोनवर तर चालतंय, म्हणजे कॉम्प्युटरच बिघडला’ असा निष्कर्ष निघतो आणि धडधाकट मशीन दुकानात जाऊन फॉरमॅट होऊन येतं. हे बघून खरोखर जीव तुटतो. फोनवर तपासायचं असेल तर आधी मोबाईल डेटा बंद करा, मग एखादं पान उघडा.

आता मुख्य गोष्ट. नेट नसण्याचे दोन प्रकार वरून अगदी सारखे दिसतात. दोन्हीत ब्राउझर पान उघडत नाही, दोन्हीत विंडोज ‘नो इंटरनेट’ म्हणतं. पण एकात राउटरने तुमच्या कॉम्प्युटरला पत्ताच (नेटवर्कवरची ओळख सांगणारा आकडा, म्हणजे आयपी) दिलेला नसतो. दुसऱ्यात पत्ता दिलेला असतो, फक्त राउटरलाच बाहेर जायला वाट नसते. पहिलं काम बहुतेक वेळा घरातल्या घरात होतं, दुसरं बहुधा केबलवाल्याचं.

ओळखायला मिनिटभर लागतं. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात आयपीकॉन्फिग टाइप करा (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे). लांबलचक यादी येईल. ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलेले भाग सोडून द्या. वायफायच्या, किंवा वायर लावली असेल तर इथरनेटच्या मथळ्याखालच्या दोनच ओळी पाहायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता) आणि डीफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता).

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल आणि गेटवेची ओळ कोरी असेल, तर हा पहिला प्रकार. हा आकडा राउटरने दिलेला नाही. कॉम्प्युटरने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. या पत्त्याने इंटरनेटवर जाता येत नाही, कितीही वेळा ब्राउझर रिफ्रेश करा. वायर असेल तर दोन्ही टोकं ‘टक’ आवाज येईपर्यंत आत दाबा. प्लॅस्टिकची खिटी तुटलेली केबल सरळ बदला. वायफाय असेल तर ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. मग त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि रिलीज. नंतर तसंच रिन्यू. घरातल्या इतर उपकरणांनाही पत्ता मिळत नसेल तर राउटरची पत्ते वाटणारी व्यवस्था अडकली आहे. राउटर बंद करून चालू करा.

याच प्रकाराचा एक छुपा भाऊ आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कारखान्यातला लॅपटॉप घरी आणला, आणि तिथे त्याच्यावर पत्ता हाताने बसवलेला असला, तर आकडा १६९ चा नसतो, दिसायला सगळं ठीक असतं. पण पत्ता १९२.१६८.१०.५० आणि घरचा राउटर १९२.१६८.१.१, मग गाठ पडणार कशी? ॲडॅप्टरच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑटोमॅटिकली’चा पर्याय निवडा. जुने आकडे आधी लिहून ठेवा, ऑफिसात पुन्हा लागतील.

पत्ता १९२.१६८ चा आहे आणि गेटवेही दिसतोय? मग त्या गेटवेलाच पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून बघा. काळ्या खिडकीत टाइप करा: पिंग १९२.१६८.१.१, किंवा तुमच्याकडे जो असेल तो. इथे एक सापळा आहे. ओळ ‘रिप्लाय फ्रॉम’ने सुरू झाली म्हणजे जमलं असं नाही. शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल तर ते उत्तर राउटरचं नसून तुमच्याच कॉम्प्युटरचं असतं, आणि खाली ‘० टक्के लॉस’ लिहिलेलं असलं तरी ते अपयशच. खऱ्या उत्तरात मिलिसेकंदांचा आकडा असतो. गेटवेकडून तसं उत्तर आलं, पण पिंग ८.८.८.८ ला (हा बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर अडचण बहुतेक राउटरच्या पुढे आहे.

आता कॉम्प्युटर सोडा आणि फायबरच्या डब्याचे दिवे बघा. एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. फायबरची पिवळी वायर भिंतीपाशी काटकोनात दुमडली आहे का, कपाटामागे दबली आहे का, तेवढं पाहा. नसेल तर बहुधा बाहेर कुठेतरी तुटली आहे, आणि सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदले जात असताना त्यात नवल नाही. पॉनचा (फायबरची लाइन जुळल्याचा) दिवा स्थिर हिरवा, पण राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की उघडतं ते) वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, ०.०.०.० असेल, तर लाइन ठीक आहे, लॉगिन होत नाहीये: बहुधा प्लॅन संपलाय, नाहीतर खातं पलीकडून अडकलंय. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर घाबरू नका, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची ती नेहमीची पद्धत आहे.

डीएनएसची पाळी यानंतर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा. पिंग ८.८.८.८ ला उत्तर येतं, पण गूगल डॉट कॉमला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, तेव्हाच तो बदला, ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. एलओएस लाल असताना डीएनएस बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकूच नका.

रीस्टार्ट आणि रीसेट यांतही लोक गल्लत करतात. रीस्टार्ट म्हणजे प्लग काढून अर्धा मिनिट थांबून परत लावणं. डबे दोन असतील तर आधी फायबरचा, दोन-तीन मिनिटांनी राउटर. रीसेट म्हणजे मागच्या भोकात टाचणी दाबून धरणं. त्यात वायफायचं नाव-पासवर्ड तर जातंच, केबलवाल्याने भरलेलं पीपीपीओईचं लॉगिनही (राउटर ज्या नाव-पासवर्डने नेटला जोडला जातो ते) पुसलं जातं आणि आधी नसलेला बिघाड तयार होतो. ते लॉगिन तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर त्या भोकाला हात लावू नका.

केबलवाल्याला फोन करताना ‘वायफाय चालत नाही’ म्हणू नका. तो राउटर बंद-चालू करायला सांगून मोकळा होईल. ‘गेटवेला पिंग जातंय, ८.८.८.८ ला जात नाही, पॉन स्थिर आहे, एलओएस बंद आहे, वॅन आयपी शून्य दिसतोय’ असं सांगा. मग त्याला माणूस पाठवायची गरज नाही, ऑफिसातूनच तुमचं खातं उघडून बघता येतं.