स्प्रेडशीट शेवटच्या जागी उघडणे
फाइल बंद करून पुन्हा उघडली की तीच शीट, तोच सेल आणि स्क्रीनवर तोच भाग समोर यावा, ही सोय. यात तीन गोष्टी असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या साठवल्या जातात: कुठली शीट उघडी होती, कुठला सेल निवडलेला होता आणि खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात कुठला सेल होता.

एक्सएलएसएक्स फॉरमॅट २००७ च्या एक्सेलबरोबर आला म्हणून ही सोयही तेव्हाचीच असं धरणं बरोबर नाही, कारण जुन्या एक्सएलएस फाइलीतही विंडो१, विंडो२ आणि सिलेक्शन अशा नावांची रेकॉर्ड्स याच कामासाठी होती, म्हणजे निदान १९९३ च्या एक्सेल ५ पर्यंत तरी मागे जावं लागतं.

ही माहिती मजकुराचा भाग मानायची की बघणाऱ्याची सेटिंग, यावर दोन फॉरमॅट्सचं जमत नाही. एक्सएलएसएक्समध्ये ती आकड्यांच्या शेजारीच असते: वर्कबुकच्या एक्सएमएलमध्ये अ‍ॅक्टिव्हटॅब, आणि प्रत्येक शीटच्या शीटव्ह्यूमध्ये टॉपलेफ्टसेल आणि अ‍ॅक्टिव्हसेल. ओडीएसमध्ये (लिबरऑफिसचा फॉरमॅट) त्याच फाइलीच्या आत मजकूर एका भागात आणि जागा वेगळ्या सेटिंग्जच्या भागात, तिथे कर्सरपोझिशनएक्स आणि कर्सरपोझिशनवाय शून्यापासून मोजतात, त्यामुळे बी५ सेल १ आणि ४ असा लिहिलेला सापडतो. ओडीएसची वाटणी जास्त स्वच्छ वाटते. एक्सएलएसएक्स कोडने तयार करताना दोन शीट्सना टॅबसिलेक्टेड (शीट निवडलेली असल्याची खूण) लागला तर त्या ग्रुप होऊन उघडतात, मग एकीत टाइप केलेलं दुसरीतही त्याच सेलमध्ये जाऊन बसतं आणि पटकन लक्षातही येत नाही. शीट पुढे आणणाऱ्या कोडने आधीच्या शीटची ही खूण काढलीच पाहिजे.

दोन्हीकडे जागा फाइलच्या आतच असल्यामुळे ती सेव्ह केल्यावरच टिकते. एक्सेलमध्ये नुसतं स्क्रोल केलं किंवा दुसरा सेल निवडला तर तो बदल धरला जात नाही, बंद करताना विचारणाही होत नाही आणि जागा जाते, म्हणून उठण्याआधी कंट्रोल एस दाबणं हाच सगळ्यात साधा उपाय. शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइलीत मात्र आपल्याला शेवटी सेव्ह करणाऱ्याची जागा मिळते, आपली नाही. तिथे व्हीबीए, म्हणजे एक्सेलची मॅक्रो लिहायची भाषाच लागते. फाइल बंद होताना चालणाऱ्या वर्कबुक_बिफोरक्लोजमध्ये शीटचं नाव, सेलचा पत्ता, स्क्रोलरो आणि स्क्रोलकॉलम हे सेव्हसेटिंगने लिहायचं आणि वर्कबुक_ओपनमध्ये गेटसेटिंगने वाचून लावायचं, विंडोजवर हे त्या त्या युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) जातं त्यामुळे फाइल सेव्ह करायची गरज नाही आणि रीड-ओन्ली उघडली तरी चालतं. नुसता सेल सिलेक्ट करून भागत नाही, तो स्क्रीनच्या मधोमध येईल की तळाला याचा भरवसा नसतो. स्क्रोलचे आकडे वेगळे द्यावेत, किंवा अ‍ॅप्लिकेशन.गोटूला स्क्रोल ट्रू द्यावा म्हणजे सेल कोपऱ्यात येतो. फ्रीझ पेन्स (जागेवर गोठवलेल्या ओळी किंवा कॉलम) असतील तर एक्सएलएसएक्समध्ये सरकणाऱ्या भागाचा कोपरा पेन नावाच्या नोंदीत वेगळा लिहिलेला असतो.

गुगल शीट्समध्ये पत्त्याच्या शेवटी जीआयडी (शीटचा क्रमांक) आणि रेंज लावलेली सेलची लिंक बुकमार्क करून ठेवता येते, किंवा फाइल उघडताना आपोआप चालणाऱ्या ऑनओपन फंक्शनने ठरावीक शीट पुढे आणता येते. सीएसव्हीत जागा लिहायची सोयच नाही, ती ए१ वरच उघडते.