स्टॉर्मला दुसरं इंजिन घालायचंय? आधी आरसी बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजात सॅन स्टॉर्म उभी आहे, बॉनेट उतरवलेलं. गोव्यात बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. मूळ इंजिन रेनॉचं, 1149 सीसी. मालकाला मारुती एस्टीमचं 1298 सीसीचं घालायचंय. मेस्त्री म्हणतो, "माउंटिंग करून देतो, बसतंय बघा." बसेल हो. पण आरसीवर बसणार नाही.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीने दिलेला मूळ तपशील आणि आरसी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तेव्हा कुणी एजंट "साहेबांकडून करून घेतो" म्हणाला, तर पाकीट खिशातच राहू द्या. कलम 182अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याची भानगड वेगळीच.

आरटीओकडे अर्ज चालतो तो त्याच मेकच्या (म्हणजे त्याच कंपनीच्या), त्याच प्रकारच्या इंजिनासाठी. सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिकचं मान्यताप्राप्त किट असेल तर त्यालाही वाट आहे.

बेळगावकरांचं आरटीओ केए-22, चिक्कोडी-निपाणीचं केए-23, बैलहोंगलचं केए-24, गोकाकचं केए-49. कोल्हापूरकडून घेतलेली एमएच-09 गाडी असेल तर आधी तिथली एनओसी (फॉर्म 28) आणून गाडी इकडे नोंदवा, इथला टॅक्स भरा, इंजिनाचं नंतर. सीमाभागात हेच उलटं करून लोक दोन्हीकडे अडकतात.

परवानगी शक्यतो काम सुरू करण्याआधीच घ्या. बदल आधीच झाला असेल तर 14 दिवसांत कळवून आरसी आणि फी जमा करायची. सोबत चालू विमा, पीयूसी, ओळख-पत्त्याचा पुरावा आणि इंजिनाचं बिल न्या. इंजिन जुनं असेल तर ते ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रंही हवीत. "भंगारबाजारातून आणलं" हे उत्तर पोलिसांपुढेही टिकत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते.

मग गाडी आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर न्यायची. इंजिन नंबरवरचं तेल-काजळी आदल्या दिवशीच रॉकेलच्या फडक्याने पुसा. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उठतात, तोच पेन्सिल प्रिंट. 3 आहे की 8 याचा घोळ झाला, की पुन्हा खेप. कन्नड येत नसेल तर येणारा एखादा दोस्त बरोबर असू द्या.

गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर अजून सांभाळा. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी दहा वर्षांची मिळते, नव्या नोंदणीला फी 20,000. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही.

आणि नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढेपर्यंत जुनं इंजिन विकू नका. गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात राहू दे.