डिस्चार्ज कार्डावरच्या शब्दांचा अर्थ: पक्षाघातानंतर घरच्यांसाठी माहितीपत्रक

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की आठवडाभरात प्रश्न सुरू होतात. बाबा मुद्दाम बोलत नाहीत का? आई अर्धं ताट तसंच का ठेवते? मधेच का रडतात? उत्तरं बहुतेकदा डिस्चार्ज कार्डावरच असतात, पण डॉक्टरी भाषेत. घरी येऊन स्पीच थेरपी आणि व्यायाम करून घेणारी आमची छोटी टीम आहे. पहिल्या भेटीतला बराच वेळ हे शब्द समजावण्यातच जातो, म्हणून हे पत्रक.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की पेशी लगेच मरायला लागतात. त्या पेशींना म्हणतात न्यूरॉन. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. बहुतेक माणसांमध्ये भाषेचं कामही डावीकडेच चालतं. म्हणून उजवा हात-पाय गेला की त्याबरोबर अनेकदा बोलणंही जातं.

बोलणं असं गेलं की कार्डावर अफेझिया लिहितात, मराठीत वाचाघात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक पेशंट तपासला. त्याला लोकांचं बोलणं बरंचसं समजायचं, पण तोंडून फक्त ‘तां’ एवढाच आवाज निघायचा. तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली, आणि त्या भागाला ब्रोकांचं नाव मिळालं. ‘ब्रोका’ प्रकारात माणसाला समजतं, पण शब्द अडकतात. ‘वेर्निके’ प्रकारात बोलणं सुरळीत वाहतं, पण त्याला अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही.

आमची पहिली विनंती: भाषा गेली म्हणजे बुद्धी गेली, असं समजू नका. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ‘आता यांना काही कळत नाही’ असं बोलू नका. ‘पाणी’ म्हणता न येणारे आजोबा ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ मात्र सलग म्हणतात, पाढेही म्हणतात. मग घरच्यांना वाटतं, हे मनात आलं की बोलतात! तसं नसतं. पाठ असलेली, चालीतली वाक्यं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, आणि नवा शब्द जुळवण्याची वाट बंद पडलेली असते. थेरपीत आम्ही या चालीचाच आधार घेतो. आणखी एक लक्षात ठेवा: अफेझियात ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होते. ‘चहा हवा का?’ एवढंच विचारू नका. चहाचा कप आणि पाण्याचा पेला दोन्ही समोर धरा, आणि घाई न करता थांबा.

डिसार्थ्रिया वेगळा. इथे शब्द मनात पक्के असतात, पण जीभ-ओठांचे स्नायू कमजोर झाल्याने उच्चार जड येतो. असा माणूस लिहून किंवा मोबाइलवर टाइप करून नेमकं सांगू शकतो.

निग्लेक्ट हा शब्द घरच्यांना सगळ्यात कमी माहीत असतो, आणि सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू जागच्या जागी राहतं. ताट फिरवून दिलं की तेही खातात. दाढी एका बाजूचीच होते. डोळे अधू झालेले नसतात, लक्ष तिकडे वळत नसतं. हेमियानोपियामध्ये मात्र नजरेचाच अर्धा भाग जातो, पण बहुधा माणसाला ते कळतं आणि तो मान वळवून बघतो. निग्लेक्ट असेल तर रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका, आणि व्हीलचेअरच्या चाकात डावा हात अडकत नाही ना, ते बघा.

अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणजे आपल्याला काही झालंय हेच न उमगणं. ‘माझा पाय ठीक आहे’ म्हणून उठतात आणि पडतात. वाद घालून पटत नाही. पलंगाशी माणूस ठेवा.

प्रसंग नसताना रडू किंवा हसू फुटणं म्हणजे इमोशनल लॅबिलिटी. यात भावनेचा लगाम सुटलेला असतो. डिप्रेशन त्याहून वेगळं, आणि पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला होतं. भूक, झोप, व्यायामाची इच्छा गेली असेल तर डॉक्टरांना सांगा. दोन्हींवर औषधं आहेत.

न्यूरोप्लॅस्टिसिटी म्हणजे सरावाने मेंदूतल्या जोडण्या बदलणं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही, हे मात्र खरं नाही. वेग मंदावतो, एवढंच. सराव खऱ्या कामाचा हवा: नातवाचं नाव घेणं, डबा उघडणं. ‘ब्रेन ट्रेनिंग’ गेममुळे हात त्या गेमवर बसतो. बोलणं त्याने सुधारेल अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटीचा रिपोर्ट, त्यांचा चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा. घरात मालवणी आणि ऑफिसात इंग्रजी असं काही असेल तर तेही सांगा. दोन्ही भाषा सारख्याच परत येतात असं नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं पुन्हा एकाएकी दिसलं, तर आधी १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.