आत जाणं सोपं, परत यायचं कसं? रोबोटच्या वाटेची भानगड

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे आपल्याकडं कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. मग घरोघरी एकच विषय, केर्लीत पाणी आलंय का, बालिंग्याचा पूल चालू हाय का, शियेकडनं जाता येतंय का. २०१९ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद झालेला. आणि त्यात घोळ कधी होतो, तर परत येताना, सकाळी ज्या रस्त्यानं निवांत गेलो तोच संध्याकाळी पाण्याखाली.

पडकी खाण, अणुभट्टी, गॅस साठलेली टाकी असल्या जागी जो रोबोट सोडतात त्याची अडचण हीच आहे, फक्त त्याला फोन करून विचारायला तिथं कोण पाव्हणा नसतोय.

रोबोट म्हटलं की लोक ताकद बघतात, किती किलो उचलतो वगैरे. पण खरा पहिला प्रश्न असतो, मी आत्ता कुठं आहे? जमिनीखाली जीपीएस मिळत नाही. चाकांचे फेरे मोजून अंतर काढावं तर चिखलात चाक जागेवरच फिरतंय. दिशेत नुसती १ अंशाची चूक झाली तरी १०० मीटर गेल्यावर गडी पावणेदोन मीटर बाजूला सरकलेला असतो, म्हणजे अरुंद बोगद्यात असला तर हिशोबानं थेट भिंतीच्या आत! नकाशा काढायचा तर आपण कुठं आहे ते माहीत पाहिजे, आणि कुठं आहे ते कळायला नकाशा पाहिजे. म्हणून दोन्ही कामं एकदम करायची, याला स्लॅम म्हणतात. लिडार नावाचं यंत्र लेसर फिरवून चारी बाजूच्या भिंती किती लांब आहेत ते मोजत राहतं, आणि रोबोट फिरून एखाद्या ओळखीच्या कोपऱ्यावर परत आला की त्याला समजतं, अरे इथं तर मघाशी आलेलो, म्हणजे मधल्या वाटेवर आपली एवढी चूक साठली, मग ती चूक मागच्या सगळ्या नकाशात वाटून तो नकाशा सरळ करतो. धूर, वाफ, धूळ असेल तर लेसर गंडतो, गढूळ पाण्यात तर तो जवळपास बिनकामाचा, तिथं आवाजाच्या लाटांवर भागवावं लागतं.

मला यातली सगळ्यात भारी वाटते ती कल्पना १९८५ ची, मोरावेक आणि एल्फेस या दोन रोबोट संशोधकांची. जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात "इथं अडथळा असण्याची शक्यता किती" तो आकडा ठेवायचा. सुरुवातीला सगळीकडं ०.५, म्हणजे काहीच माहीत नाही. बघेल तसा आकडा ० कडं किंवा १ कडं सरकतो. माहीत नसलेल्या जागेला मोकळी पण धरायचं नाही आणि बंद पण धरायचं नाही, एवढी अक्कल आपल्यालाच कधी कधी नसते.

नकाशा झाला की वाट. डाइक्स्ट्रा या संगणकतज्ज्ञाची सगळ्यात स्वस्त वाट शोधायची रीत १९५९ ला छापून आली, पण ती चारी दिशांना सारखीच शोधत जाते, म्हणजे रंकाळ्यावरनं शिरोलीला जायचं असलं तरी फुलेवाडीकडचे रस्ते पण चाळणार. १९६८ ला ए-स्टार आली, शेकी नावाच्या रोबोटच्या कामातनं, ती आत्तापर्यंतच्या खर्चात पुढच्या सरळ अंतराचा अंदाज मिळवते आणि बरीच फालतू शोधाशोध वाचवते. अंदाज खऱ्यापेक्षा जास्त नसला तर उत्तर सगळ्यात स्वस्तच मिळणार याची गॅरंटी. आता हा खर्च म्हणजे नुसते मीटर नव्हेत बरं का. रेडिएशन जास्त, छत कमकुवत, उतार निसरडा, प्रत्येकाचा दंड लावायचा, मग लांबची वाट स्वस्त पडते. आणि वाटेत नवा अडथळा दिसला तर पहिल्यापासनं हिशोब न करता तेवढाच भाग दुरुस्त करायची रीत स्टेंट्झ यांनी १९९४ ला मांडली, डी-स्टार.

आता परतीचं. फुकुशिमात ऑक्टोबर २०११ मध्ये क्विन्स नावाचा जपानी रोबोट दोन नंबरच्या रिॲक्टर इमारतीत गेला, काम केलं, आणि परत येताना केबल तुटली. बिचारा तिसऱ्या मजल्यावर तिथंच राहिला. जाड काँक्रीटमधनं वायरलेस नीट पोचत नाही म्हणून केबल, आणि केबल आली की खांबाच्या डावीकडनं गेला का उजवीकडनं हे पण लक्षात ठेवायला लागतं, कारण आला तसाच उलटा गेला नाही तर गुंता. २०२१ ला अमेरिकेत भूमिगत रोबोटांची मोठी स्पर्धा संपली, जिंकलेल्या सर्बेरस टीमकडं चार पायांचे रोबोट होते, तिथं अनेक टीमच्या रोबोटांनी केबलऐवजी वाटेत छोटे रेडिओ टाकत जायची युक्ती वापरली.

मागं फिरायची अक्कल असलेला म्हणजे ग्राउंडहॉग. जुलै २००२ मध्ये पेन्सिल्वेनियात क्वेक्रीक खाणीत कामगार खणत खणत शेजारच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीत घुसले, कारण तिचा नकाशाच अर्धवट होता. ९ जण अडकले, ७७ तासांनी सगळे जिवंत निघाले. त्यानंतर तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी जुन्या खाणींचे नकाशे काढायला हा रोबोट बनवला. २००३ ला तो एका बंद खाणीत सुमारे ३०० मीटर आत गेला, तिथं छताचा तुटलेला दांडा आडवा आलेला, आणि कोणी न सांगता त्यानं मागं फिरायचं ठरवलं. आपला चंद्रावरचा प्रज्ञान रोव्हर पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४ मीटर रुंद खड्डा ३ मीटरवर दिसल्यावर मागं फिरला, पण तो हुकूम पृथ्वीवरनं गेलेला.

कोल्हापुरात इंजिनिअरिंगची एवढी कॉलेजं आहेत आणि प्रोजेक्ट म्हणून अजून काळ्या पट्टीवरनं पळणारी गाडीच जास्त दिसते. आरओएस नावाचं रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्लॅम आणि वाट शोधायचे प्रोग्रॅम तयार असतात, स्वस्तातला लिडार चार पोरांनी वर्गणी काढली तर येतोय. गाळप संपल्यावर एखाद्या साखर कारखान्याची परवानगी काढा, रिकाम्या गोडाऊनात दिवे बंद करून रोबोट सोडा, आणि तो आत गेला की त्याच्या वाटेत दोन बॅरल आडवे ठेवून बघा काय करतोय ते.