वस्तूंची निरवानिरव

आपल्यामागे घरच्यांना सामानाचा निकाल लावत बसावे लागू नये, म्हणून उतारवयात स्वतःच्या हातांनी केलेली आवराआवर. स्वीडनमध्ये ही प्रथा ‘डोस्टेडनिंग’ या नावाने रूढ आहे. जड सामान उचलायला माणसे मिळतात. पण वस्तू कोणाची, ठेवायची की द्यायची, हे सांगणारे माणूसच गेलेले असते. म्हणून टाकून देण्यापेक्षाही, जे ठेवले त्याची ओळख लिहून ठेवणे अधिक महत्त्वाचे.

सुरुवात माळा, अडगळीची खोली, कपडे, जादा भांडी यांपासून करावी. फोटो आणि पत्रे सर्वांत शेवटी. ती आधी काढली की दिवस आठवणींत जातो आणि काम तिथेच अडते. एका वेळी एकच खण घ्यावा, तास-दीड तासात थांबावे. माळ्यावर दुसऱ्या कोणाला चढवावे. काही टाकण्यापूर्वी कपड्यांचे खिसे आणि पुस्तकांची पाने तपासावीत. पैसे आणि पावत्या तिथे दडलेल्या असतात.

मृत्युपत्र, मालमत्ता, विमा, बँक आणि कर्जाचे कागद एका फायलीत ठेवून पहिल्या पानावर यादी लावावी. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण ते पुढे अनेकांच्या हातांत जाते. वेगळ्या बंद पाकिटात ठेवावेत. बँकेचे ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर येतात, तो खाती मार्गी लागेपर्यंत बंद करू नये, हेही तिथेच लिहावे.

नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला परक्याचाच. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, ठिकाण, साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहून फोटो आत ठेवावा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढले तर फाटतात. मागून डेंटल फ्लॉसचा (दातांच्या फटी साफ करण्याचा) दोरा हळूहळू सरकवला की बहुधा सुटतात. लहान फोटो 600 डीपीआयवर (इंचामागे 600 ठिपके) स्कॅन केल्यास मोठा करूनही तपशील टिकतो. कोणी वाचू नयेत अशी पत्रे स्वतःच नष्ट करावीत. ‘न वाचता जाळा’ ही चिठ्ठी पाळली जाईलच असे नाही.

वस्तू देताना आधी विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर मनापासून स्वीकारावे, नाहीतर अडगळ फक्त घर बदलते. एकच वस्तू दोघांना तोंडी कबूल केली की भांडण ठरलेले. यादी लिहून सर्वांना दाखवावी. किमती वस्तूंचा उल्लेख मृत्युपत्रातच हवा. एकाच वस्तूवर अनेकांचा जीव असेल, तर चिठ्ठ्या टाकून पाळीपाळीने निवड करू द्यावी.

हे काम ज्याचे त्यानेच करायचे असते. घरच्यांनी परस्पर कपाटे रिकामी केली तर विश्वास तुटतो. वस्तू अजिबात टाकता न येणे हा आजारही असू शकतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम-5’ या 2013 च्या निदान-पुस्तिकेत संचय-विकाराची स्वतंत्र नोंद आहे. उलट, उदास माणूस जिवापाड जपलेल्या वस्तू एकाएकी वाटू लागला, तर ती निरवानिरव समजून सोडून देऊ नये. तो आत्महत्येच्या विचारांचा इशारा असू शकतो. त्याच्याशी थेट बोलावे आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी.