सूतकताई : राजकीय प्रतिकाराचे साधन

सूतकताई म्हणजे कापसाच्या पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या पोकळ वळकटीतून) धागा ओढत त्याला पीळ देणे. फावल्या वेळचे हे घरकाम १९२० नंतरच्या पाव शतकात ब्रिटिश सत्तेविरुद्धचे हत्यार झाले, आणि ते अचूक जागी उगारलेले होते. इथला कापूस गासड्यांनी बाहेर जाई व इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड इथल्या बाजारात येई. हातमाग गावोगाव तग धरून होते, पण त्यांवर चढणारे सूत गिरणीचे असे. तुटला होता तो कताईचा दुवा. गांधीजींच्या साबरमती आश्रमाला चरखा शोधावा लागला. त्यासाठी शोधाला निघालेल्या गंगाबहेन मजमुदार यांना तो बडोदे संस्थानातल्या विजापूरला सापडला. तिथल्या लोकांनी आपले चरखे निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकून दिले होते.

सूत बिघडते ते बहुधा चरख्यावर बसण्याआधीच. सरकी काढलेला कापूस उन्हात वाळवून पिंजतात. पावसाळ्यात पिंजणाची तात (कापूस पिंजणाऱ्या धनुकलीची दोरी) सैल पडते, दमट कापूस तिला चिकटतो आणि तंतू सुटे होण्याऐवजी गुठळ्या होतात. पिंजलेला कापूस पाटावर पसरून सळईभोवती वळला की पेळू होतो. तो पोकळ हवा. दाबून वळलेला पेळू धागा सोडत नाही. ओढावा तर तुटतो.

उजव्या हाताने चाक फिरवायचे आणि डाव्या हाताच्या चिमटीत पेळू अलगद धरून मागे न्यायचा. धागा चातीशी (चाकामुळे फिरणाऱ्या टोकदार सळईशी) तिरपा राहिला की प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि त्याला एकेक पीळ बसतो. हात पुरता लांबला की थांबायचे, चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, मग धागा काटकोनात आणून गुंडाळायचा. ही उलटी फेरी विसरली की धागा टोकापाशीच तुटतो. पीळ कमी पडला तर सूत ताण घेत नाही. जास्त झाला तर सैल सोडताच त्याला वेटोळी पडतात. चिमट आवळली की तंतू अडतात आणि मग एकदम सुटून जाड गाठ येते. चाक फिरूनही चात मंदावली तर माळ (चाकाची गती चातीला देणारी दोरी) घसरते आहे असे समजावे. तिला राळ आणि मेण लावतात.

कातलेले सूत चार फूट घेराच्या फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) घेतात. एक वेढा म्हणजे एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. अशी गुंडी ६४० तारांची, म्हणजे सुमारे ८५३ वारांची होते.

हेच माप राजकारणात शिरले. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदत्वासाठी महिन्याला २,००० वार सूत ठरले. तासाला दीडशे वार निघाले तरी रोजचा अर्धा तास त्याला पुरतो. कापड मात्र त्यातून थोडेच होते : इंचाला ३६ उभे व ३६ आडवे धागे धरले, तर एका चौरस वारालाच २,५९२ वार सूत लागते. या वर्गणीचे खरे मोल कापडात मोजता येणार नाही. वकील, व्यापारी, पुढारी यांनी रोज अर्धा तास हाताने काम करावे, ही मागणी होती. ती बऱ्याच जणांना झेपली नाही. कोणी दुसऱ्याकडून कातून घेतलेले सूत भरले. १९२५ साली चार आणे किंवा सूत असा पर्याय आला. त्याच वर्षी अखिल भारत चरखा संघ निघाला, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी चरख्याच्या एकसुरी कामावर जाहीर टीका केली. तिच्यात तथ्य होते. पण सभेत भाषण न करू शकणाऱ्या माणसालाही कताईमुळे चळवळीत जागा मिळाली, हेही तितकेच खरे.

सरकारलाही या चिन्हाची धास्ती होती. १९२३ साली नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या सत्याग्रहींना तुरुंगात टाकले गेले. पुढे तुरुंगातूनच नवे साधन आले. येरवड्याच्या नावाने ओळखला जाणारा पेटी चरखा आडवा असतो. मोठे चाक लहान चाकाला आणि लहान चाक चातीला फिरवते, त्यामुळे हाताच्या एका फेऱ्यात चातीला जास्त फेरे मिळतात. झाकण लावले की सुटकेसप्रमाणे तो उचलून नेता येतो.

अडचण शेवटपर्यंत राहिली ती विणकराची. हातसूत असमान असते. मागावर ताण पडताच कच्चे धागे तुटतात आणि प्रत्येक धागा जोडण्यात मजुरी बुडते. म्हणून विणकर ताण्याला (उभ्या धाग्यांना) गिरणीचे आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) हातचे सूत मागत. शुद्ध खादीत हे चालत नसे. कापड महाग पडे, आणि ज्या गरिबासाठी ही खटपट, त्यालाच ते परवडत नसे.

२२ जुलै १९४७ रोजी झेंड्यावरच्या चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. झेंड्याचे कापड मात्र हातसुताचेच असण्याचा नियम राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारच्या धाम नदीतही विसर्जित झाल्या. त्या स्मृतीत विनोबांनी सूतांजली सुरू केली : वर्षाला माणशी एक गुंडी, स्वतःच्या हातची, ६४० तारांची.