कमी चालणाऱ्या डिझेल बोटीचे इंजिन : ऑइल तपासणी व निगा

वर्षाकाठी मोजके तास चालणाऱ्या बोटीचे डिझेल इंजिन झिजण्यापेक्षा पडून राहण्याने जास्त खराब होते. पूर्व विदर्भात ढिवर मच्छीमारांचा डोंगा (लहान लाकडी होडी) वल्ह्यावर नाहीतर बांबूवर चालतो, त्याला ही चिंता नाही. प्रश्न येतो तो वैनगंगेवरील गोसीखुर्दसारख्या जलाशयांत ठेवलेल्या, क्वचितच सुरू होणाऱ्या मोठ्या बोटींचा.

समुद्रावरच्या, विशेषतः थंड देशांतल्या पुस्तिका इंजिन गोठण्यापासून जपायला सांगतात. इथे गोठण्याचे भय नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, रबरी होज आणि पाण्याच्या पंपातला रबरी पंखा तडकतात, धूळ आत शिरते. मृग लागताच हवा दमट होते आणि रिकाम्या टाकीत पाणी साचते. डिझेल व पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणूंचा चिकट थर वाढतो. म्हणून बोट बांधून ठेवताना टाकी भरलेली हवी.

ऑइल तासांवर नव्हे, कॅलेंडरवर बदलावे: वर्षातून एकदा, आणि तेही बोट उभी करण्याआधी. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी, काजळी आणि आम्ल असते. ते महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहू देण्यात शहाणपण नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारतात 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग) गंधकाचे डिझेल मिळते, त्यामुळे गंधकाम्लाचा त्रास घटला. पाण्याचा मात्र नाही.

‘ऑइल काळं झालं, म्हणजे गेलं’ हा समज डिझेलला लागू नाही. काजळीने ते थोड्याच तासांत काळे होते. खरी परीक्षा थेंबाची. सोख्त्या कागदावर (टिपकागदावर) एक थेंब टाकून काही तास ठेवावा. डाग मऊपणे, सारखा पसरला तर ठीक. मध्ये गच्च काळा गोळा व कडेला तीव्र रेघ दिसली तर काजळी धरून ठेवण्याची ताकद संपलेली असते. तापलेल्या तव्यावर थेंब तडतडला, तर त्यात पाणी आहे. ही परीक्षा उघड्यावर आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावी.

प्रयोगशाळेसाठी इंजिन गरम करून बंद करावे व डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) नळीतून, तेलाच्या मधल्या थरातून नमुना ओढावा. 15डब्ल्यू-40 ऑइलची श्यानता (दाटपणा) 100 अंशांना 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स असते. ती घसरली तर डिझेल मिसळल्याचा संशय येतो. सिलिकॉन, म्हणजे धूळ, वाढले तर एअर फिल्टर बघावा. लोह वाढलेले दिसल्यावर मिस्त्री लगेच लायनर (सिलिंडरचे अस्तर) काढायला निघतात. पडून राहिलेल्या इंजिनात तो बऱ्याचदा नुसता गंज असतो. एका अहवालावर इंजिन उघडू नये, दोन-तीन अहवालांचा कल पाहावा.

महिन्यातून पाच मिनिटे ‘रिकामे’ इंजिन फिरवण्याची रीत सर्रास आहे आणि ती अपायकारकच आहे. ऑइल पुरते तापत नाही, ओल उडत नाही, उलट वाढते. बोट घाटाला घट्ट बांधून, गिअर टाकून, अर्धा तास भार द्यावा. त्याआधी इंजिन थंड करणारे पाणी जिथून येते त्या जाळीत जलपर्णी अडकलेली नाही ना, हे हात घालून पाहावे. नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी गोसीखुर्दपर्यंत पोहोचते, तेव्हा जलपर्णीची कमतरता नसते. जिथे नदीचे पाणी सायलेन्सरमधून बाहेर पडते तिथे, इंजिन पकडत नसेल तर, सारखे सेल्फ मारताना पाण्याचा कॉक बंद ठेवावा, नाहीतर पाणी मागे सिलिंडरात चढते. इंजिन सुरू होताच तो लगेच उघडावा.